दाढ ठणकल्यापासून कॅप बसेपर्यंत: ठाणे-नवी मुंबईत पहिल्यांदा डेंटिस्टकडे जाताय तर हे वाचून जा

दोन वर्षांपूर्वी गणपतीत माझी खालची उजवी दाढ दुखायला लागली. घरात पाहुणे, मोदकांची गडबड, त्यात डॉक्टरकडे कोण जाणार, म्हणून नाक्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या, तीन दिवस घेतल्या आणि दुखायचं थांबलं. मग दिवाळी गेली, संक्रांत गेली, दाढ एकदम शांत. आणि फेब्रुवारीत एका रात्री अडीचला जाग आली ती कानापासून मानेपर्यंत ठणका घेऊनच. बाथरूमच्या आरशात बघितलं तर उजवा गाल असा फुगलेला की नाकाशेजारची रेघच दिसेना, बोट लावलं तर कातडी ताणलेली आणि गरम.

सकाळी डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं, मुळाच्या टोकाशी काळसर डाग होता. म्हणाल्या, "ताई, गणपतीत दुखायचं थांबलं तेव्हा दाढ बरी नव्हती झाली, आतली नस मेली होती. मेलेली नस दुखत नाही, पण सडते."

हे एक वाक्य मला आधी कोणी सांगितलं असतं तर! कारण गणपतीच्या आधी, त्याच वर्षी मे महिन्यात फ्रीजचं पाणी त्या दाढेला लागत होतं, तेव्हा गेले असते तर सिमेंट भरून भागलं असतं, पुढे रूट कॅनल (आतली नस काढून नळ्या साफ करून भरणं) आणि कॅप (दाढेवर बसवायचं टोपण) मिळून साडेअकरा हजार गेले ते गेले नसते. त्यानंतर घरातल्या सगळ्यांचेच दात दाखवून झाले, सासऱ्यांचे, सासूबाईंचे, लेकीचे, ऐरोलीतून नेरुळला किती चकरा झाल्या मोजल्या नाहीत. मी डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. पण कुठे जायचं, काय न्यायचं, काय विचारायचं आणि कुठे फसायला होतं ते सगळं सांगते.

१. आधी दुखणं कसलं आहे ते बघा

डॉक्टरकडे जाऊन "दात दुखतोय" एवढंच सांगितलं तर त्यांना शोधत बसावं लागतं. घरीच एकदोन दिवस लक्ष ठेवा आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवा, गार लागतं का गरम, किती वेळ राहतं, रात्री वाढतं का.

गार पाणी किंवा आइस्क्रीम लागलं, सणकन कळ आली आणि दोन-चार सेकंदांत गेली, तर बहुतेक वेळा कीड अजून वरवर असते किंवा हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलेलं असतं. ही सगळ्यात स्वस्तात सुटण्याची वेळ. नेमकं याच वेळी आपण सेन्सिटिव्हिटीची टूथपेस्ट आणतो आणि विषय संपवतो.

गरम चहाने ठणका उठतो, चहा संपला तरी राहतो, आणि रात्री आडवं झालं की जास्त होतो, तर कीड नसेपर्यंत गेली असं समजा. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो आणि दाताच्या आतल्या बंद जागेत सुजलेल्या नसेला फुगायला वाव नसतो, म्हणून रात्री जीव जातो. उशी उंच घेतली की थोडं बरं वाटतं ते यामुळेच.

चावतानाच कळ येते, एरवी काही नाही, तर दाताला चीर असू शकते, मुळाशी पू असू शकतो, किंवा नवीन भरलेलं सिमेंट उंच झालेलं असतं. शेवटचं असेल तर पाच मिनिटांत घासून देतात, त्यासाठी आठवडाभर एकाच बाजूने जेवत बसू नका.

हिरडीवर फोड येतो, फुटतो, खारट घाण चव लागते आणि दुखणं एकदम कमी होतं. हाच सर्वात फसवा प्रकार. पूला वाट मिळाली म्हणून दाब कमी झाला, आतलं इन्फेक्शन तिथेच आहे.

ब्रश करताना रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश लावायचंच बंद करणारे माझ्या ओळखीत कितीतरी आहेत. रक्त येतं ते तिथे किटण साचून हिरडी सुजलीय म्हणून, ब्रश बंद केला तर किटण अजून वाढतं. दात साफ करून घेतले की हलायला लागतात हा समज पण सोडा. ज्यांचे हलतात त्यांचं हाड आधीच झिजलेलं असतं, किटणामुळे दात एकमेकांना चिकटून उभे होते एवढंच.

आणि एक वेगळं. दात दाखवला, काही सापडलं नाही, पण सर्दी झाली की वरच्या सगळ्या दाढा जड होतात, तर ते सायनस असू शकतं. जबडा दुखतोय, सोबत घाम येतोय, छातीत जड वाटतंय, तर ते हार्टचं असू शकतं, दाताच्या डॉक्टरकडे जाऊ नका, १०८ ला फोन करा.

२. या खुणा दिसल्या तर सकाळची वाट बघू नका

दाताने काय जीव जातो का, असं म्हणतात. जाऊ शकतो. खालच्या दाढांचं इन्फेक्शन जिभेखाली आणि गळ्यात उतरलं की श्वासनलिका दाबली जाते. म्हणून यातलं काहीही असेल तर क्लिनिक उघडायची वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं:

– सूज जबड्याखाली, गळ्याकडे किंवा डोळ्याकडे पसरतेय
– गिळता येत नाही, लाळ बाहेर येतेय, जीभ वर उचलल्यासारखी झालीय, आवाज बदललाय
– तोंड उघडतच नाही आणि सोबत ताप, थंडी
– श्वास घ्यायला त्रास
– दात काढल्यावर अर्धा-पाऊण तास कापूस घट्ट दाबूनही रक्त वाहतंच आहे

ठाण्याच्या बाजूला असाल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, इकडे वाशीत महापालिकेचं रुग्णालय आहे, किंवा जवळ जे मोठं प्रायव्हेट असेल ते. त्या रात्री माझी सूज गालावरच होती, गिळता येत होतं, म्हणून सकाळपर्यंत निभावलं. पण तेव्हा हे मला माहीत नव्हतं.

३. एक रात्र काढायची असेल तर

तुमच्या फॅमिली डॉक्टरने आधी दिलेली आणि तुम्हाला चालणारी दुखण्याची गोळी घ्या, तीही पोटात, रिकाम्या पोटी नाही. गोळी किंवा तिची पूड दाढेजवळ हिरडीवर दाबून ठेवू नका, हिरडी भाजते, पांढरी होऊन सालं निघतात. माझ्या सासऱ्यांनी हे केलं होतं, दाढेचं दुखणं परवडलं पण ती जखम नको अशी त्यांची गत झाली. लवंगेचं तेल चालतं, पण कापसाच्या बोळ्याला एक थेंब आणि तो किडलेल्या खड्ड्यातच, बाटली तोंडात ओतायची नाही.

गाल सुजला असेल तर बाहेरून गरम शेक नको. बर्फ फडक्यात गुंडाळून बाहेरून लावा, दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा.

पावसाळ्यात अंगात ताप असेल तर दाताच्या दुखण्यासाठी घरात पडलेली कुठलीही जोराची पेनकिलर घेऊ नका. आपल्याकडे डेंग्यू असतो आणि त्यात त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉलवर थांबा आणि डॉक्टरांना विचारा.

अँटिबायोटिक मेडिकलमधून स्वतःहून आणायची नाही, यावर मी आता घरात भांडते. गोळी रक्तातून पोहोचते आणि मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, त्यामुळे ती आजूबाजूची सूज दाबते, मूळ कारणाला हात लावत नाही. माझे पाच महिने असेच गेले.

४. जायचं कुठे

तीन रस्ते आहेत.

पहिला म्हणजे जवळचं क्लिनिक. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि इकडे प्रत्येक सेक्टरमध्ये दोन-चार बोर्ड दिसतातच. बोर्डवर बीडीएस किंवा एमडीएस (दाताच्या डॉक्टरांच्या डिग्र्या) आणि रजिस्ट्रेशन नंबर आहे का बघा. दाताची प्रॅक्टिस करायची तर स्टेट डेंटल काउन्सिलमध्ये नोंदणी लागतेच, १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टपासूनची ही अट, म्हणजे काही नवीन नाही. बीडीएस डॉक्टर भरणं, काढणं, रूट कॅनल सगळं करू शकतात. एमडीएस म्हणजे त्यातल्या एका विषयाचे स्पेशालिस्ट, कोणी रूट कॅनलचे, कोणी हिरड्यांचे, कोणी सर्जरीचे, कोणी लहान मुलांचे, कोणी तारा लावणारे. म्हणून नुसतं "एमडीएस आहेत" एवढ्यावर थांबू नका, कशात आहेत ते विचारा. वाकडी अक्कलदाढ काढायची असेल तर सर्जरीवाले बघा.

दुसरा रस्ता डेंटल कॉलेज, आणि हा आपल्या भागातल्या लोकांना मिळालेला मोठा फायदा आहे. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, सीबीडी बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय.एम.टी., कामोठ्याला एमजीएम. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची नेरुळ किंवा पनवेल लोकल पकडली की झालं. मुंबईत जायची तयारी असेल तर सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर आहेच. कॉलेजमध्ये विद्यार्थी काम करतात हे ऐकून लोक घाबरतात. पण प्रत्येक टप्प्यावर शिकवणारे डॉक्टर येऊन तपासतात, सही केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. खर्च बाहेरपेक्षा कमी. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते, जे काम क्लिनिकमध्ये दोन बैठकीत होतं त्याला तिथे चार-पाच चकरा होतात. सकाळी लवकर पोहोचा, केस पेपर काढा, आधी तपासणीच्या विभागात बसवतात, मग एक्स-रे, मग ज्या विभागाचं काम तिकडे पाठवतात. पहिल्या दिवशी काम होईलच असं धरून जाऊ नका, ऑफिसला हाफ डे नाही तर पूर्ण सुट्टी टाका. परीक्षेच्या दिवसांत पुढची तारीख लांब मिळू शकते, ते आधीच विचारून घ्या.

तिसरा, महापालिकेचं किंवा सिव्हिल हॉस्पिटल. दुखणारा दात काढायला, तपासायला ठीक. रूट कॅनल, कॅप तिथे होतं का ते आधी विचारा.

आणि एक रस्ता अजिबात नाही. फुटपाथवर किंवा गाळ्यात बसून "एका तासात फिक्स दात" लावून देणारे. ते काय करतात, शेजारच्या चांगल्या दातांना गुलाबी प्लॅस्टिकने नवीन दात चिकटवून टाकतात, खाली अन्न अडकतं, साफ करता येत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत शेजारचे चांगले दातही हलायला लागतात. स्वस्त म्हणून गावाकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना हे लावलेलं बघितलंय मी. राग त्या माणसांचा येत नाही, त्यांना परवडेल असं दुसरं कोणी सांगितलंच नाही. म्हणून तर वरची कॉलेजं नावासकट दिली.

५. सोबत काय न्यायचं

– आधार कार्ड आणि मोबाईल (कॉलेजमध्ये केस पेपरला लागतो)
– जुने दाताचे एक्स-रे, फोटो काढलेले असले तरी चालतील
– चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. नावं आठवत बसू नका, सरळ पिशवीत टाकून न्या
– शुगर असेल तर ताजा रिपोर्ट, तीन महिन्यांच्या सरासरीचा असेल तर उत्तम
– हार्टचं काही झालं असेल तर त्या डॉक्टरांची फाइल
– कसली ॲलर्जी असेल तर कागदावर लिहून
– दाढ काढायची असेल तर सोबत एक माणूस

कागदांपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे तोंडाने सांगणं. माझे सासरे, अप्पा, त्यांची अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या चालू. दाढ काढायची म्हणून शेजारच्यांनी सल्ला दिला, गोळ्या आठ दिवस बंद करा मग जा. नशीब, त्यांनी मला विचारलं. आम्ही दाताच्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी हार्टच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं आणि गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढली, टाका घातला, जास्त वेळ कापूस दाबायला लावला, रक्त थांबलं. स्टेंट असलेल्या माणसाने मनाने गोळी बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दाढेसाठी हार्ट पणाला लावायचं नाही.

हाडं ठिसूळ झाली म्हणून कोणाला आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून येत नाही. हार्टच्या झडपेचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी अँटिबायोटिक लागते. दिवस गेले असतील तर लपवू नका, मधले तीन महिने कामाला सोयीचे असतात आणि इमर्जन्सी असेल तर केव्हाही उपचार करता येतात, डॉक्टर त्याप्रमाणे ठरवतात.

अजून एक गैरसमज म्हणजे उपाशी जाणं. जागा बधिर करून काम होणार असेल तर जेवून जा, बीपी-शुगरच्या गोळ्या घेऊन जा. उपाशीपोटी गेलं, भीती वाटली, की खुर्चीतच चक्कर येते.

६. खुर्चीत बसल्यावर डोळे उघडे ठेवा

हे लिहायलाच मुख्यतः बसले. आपण हॉटेलात ताट पुसून घेतो, आणि तोंडात कोणाच्या रक्ताला लागलेलं अवजार जातंय ते विचारायला लाजतो. हेपेटायटिस बी आणि सी अशा अवजारांतून पसरू शकतात.

माझ्या डॉक्टरांकडे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांच्या असिस्टंटने ट्रे ठेवला आणि कागद-प्लॅस्टिकचं एक चपटं पाकीट माझ्यासमोर टर्रकन फाडलं. आत आरसा, टोकदार हुक, चिमटा. पाकिटावर एक छोटी पट्टी होती तिचा रंग बदललेला. मी विचारलं ही कसली खूण, तर त्यांनी एक कोरं पाकीट आणून शेजारी ठेवलं आणि दोन्ही पट्ट्या दाखवल्या. ऑटोक्लेव्हमध्ये गेलं तरच रंग बदलतो. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरसारखंच, १२१ डिग्रीला दाबाखालच्या वाफेत १५-२० मिनिटं. नुसत्या उकळत्या पाण्यात सगळे जंतू मरत नाहीत, काहींचे बीज शिल्लक राहतात, म्हणून "आम्ही उकळून घेतो ताई" हे उत्तर पुरेसं नाही.

तर बघायचं काय:

– पाकीट तुमच्यासमोर उघडलं का
– ग्लोव्हज तुमच्यासाठी नवीन घातले का, आणि तेच घालून फोन उचलला तर बदलले का
– इंजेक्शनची सुई नवीन, सीलमधली आहे का
– ड्रिलचा हँडपीसही ऑटोक्लेव्ह होतो का की नुसता स्पिरिटने पुसतात
– वापरलेली सुई जाड पांढऱ्या डब्यात जाते की उघड्या डस्टबिनमध्ये (२०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत यासाठी वेगळा डबा सांगितलाय)

विचारायचं कसं ही अडचण मला पण होती. सरळ म्हणायचं, "डॉक्टर, अवजारं ऑटोक्लेव्ह केलेली आहेत ना, मला एकदा दाखवाल का?" चांगला डॉक्टर आनंदाने दाखवतो. एका ठिकाणी मला उत्तर मिळालं, "एवढी शंका असेल तर घरीच बसा ना." मी उठले आणि निघून आले. तपासणीची फी दिली होती, ती सोडली.

७. कुठला दात, काय करणार, किती लागणार

पेपरवर ३६, ४६ असे आकडे लिहितात, ते वाचायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे. पहिला आकडा म्हणजे तोंडाचा कोपरा: तुमचा वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा आकडा म्हणजे मधल्या दातापासून मोजत मागे कितवा, अक्कलदाढ आठवी. माझी दाढ ४६, म्हणजे खाली उजवीकडे सहावी. दुधाच्या दातांना ५ ते ८ असे कोपरे असतात. काम सुरू होण्याआधी "४६ ना डॉक्टर?" एवढं म्हटलं की चुकीच्या दाताला हात लागायची भीती राहत नाही.

मग हे विचारा. एक्स-रेत काय दिसतंय ते मला दाखवा. हा दात वाचतो का, नाही वाचवला तर काय होईल. दुसरा पर्याय काय. किती बैठका. एकूण किती, आणि त्यात कॅप, एक्स-रे, औषधं धरलीत का.

फसायला होतं ते शेवटच्या प्रश्नावर. रूट कॅनलचा रेट सांगतात, कॅपचं नाव काढत नाहीत. मग पेशंट काय करतो, दुखायचं थांबलं की कॅप लावायला जातच नाही. माझ्या नणंदेने हेच केलं, दिवाळीत चकली चावली आणि दाढ उभी चिरली, हिरडीच्या आतपर्यंत. काढावीच लागली. रूट कॅनल करताना दाढ आतून पोखरलेली असते, भिंती पातळ होतात, चावायचा जोर सहन होत नाही. म्हणून दाढेचं रूट कॅनल करणार असाल तर कॅपचे पैसे धरूनच बजेट करा. कॅप धातूची, धातूवर सिरॅमिकची आणि झिरकोनियाची असते, रेट त्याच क्रमाने वाढत जातो. मागच्या दाढेला, जी हसताना दिसत नाही, तिला साधी धातूची कॅप उत्तम चालते. लाजू नका, मागा.

"आजच सुरू केलं तर एवढा डिस्काउंट" असं कोणी म्हटलं तर घरी या. ताप, सूज, पू नसेल तर दोन दिवसांनी दात पळून जात नाही. एकदम सात-आठ दात भरायला सांगितले तर एक्स-रे मागून घ्या आणि दुसऱ्या ठिकाणी दाखवा. एक्स-रे तुमचा आहे, व्हॉट्सॲपवर मागा, आणि बिल पक्कं घ्या. साध्या मेडिक्लेममध्ये दाताचा खर्च बहुतेक वेळा अपघात असेल तरच मिळतो, पॉलिसी एकदा वाचून घ्या.

८. रूट कॅनलच्या दिवसांत

भीती वाटते ती इंजेक्शनची. चिमटा बसल्यासारखं होतं, मग ओठ जाड वाटायला लागतो. काही जणांना दोन-तीन मिनिटं छातीत धडधडतं, त्या इंजेक्शनमध्ये बऱ्याचदा ॲड्रेनालिन असतं म्हणून, ते जातं. बधिरपणा दोन-तीन तास राहतो, तोवर जेवू नका, गाल चावला जातो आणि कळतही नाही.

माझ्या दाढेभोवती निळं रबर ताणून बसवलं, मधल्या भोकातून फक्त दाढ वर. त्यामुळे बारीक सुया घशात जात नाहीत आणि थुंकी दाताच्या आत जात नाही. सगळेच लावतात असं नाही, तुम्ही विचारून घ्या. मग आत एक औषध सोडतात त्याचा वास अगदी स्विमिंग पूलच्या पाण्यासारखा, जंतू मारायचं असतं ते. शेवटी मोकळ्या झालेल्या नळ्यांमध्ये गुलाबी-केशरी काड्या भरतात, झाडाच्या चिकापासून बनतात त्या.

दोन बैठकांच्या मध्ये तात्पुरतं सिमेंट असतं. ते निघालं तर लगेच फोन करा, आठवडाभर उघडं राहिलं तर केलेलं काम वाया. दोन-तीन दिवस चावताना हुळहुळतं, ते चालतं. सूज आली तर ते चालत नाही.

९. दात काढल्यानंतर

कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा, दर दोन मिनिटांनी काढून बघू नका. त्या दिवशी थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉ नको, बिडी-सिगारेट-तंबाखू नको. खड्ड्यात रक्ताची गाठ बसते तीच मलमपट्टी, ती ओढून निघाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानात जाईल असं दुखतं. असं झालं तर परत जा, औषध भरून देतात. खायला गार मऊ: दहीभात, पेज. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा दुसऱ्या दिवसापासून.

१०. मुलांचं

दुधाचे दात पडणारच आहेत, कशाला खर्च, हे मी पण म्हटलंय. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, लवकर काढल्या तर शेजारचे दात सरकतात आणि नवीन दात वाकडा येतो.

आणि हे बहुतेक आई-बापांना माहीतच नसतं: सहाव्या वर्षाच्या आसपास मागे जी दाढ येते ती कुठलाही दात न पडता येते, म्हणून आपल्याला ती दुधाचीच वाटते. ती कायमची. माझ्या लेकीची अशी एक दाढ आठव्या वर्षीच किडलेली सापडली. आता बाकीच्या तीन दाढांच्या खाचा डॉक्टरांकडून पातळ सीलंटने भरून घेतल्यात. बाळाला बाटली तोंडात ठेवून झोपवत असाल तर आजपासून बंद करा, पुढचे वरचे दात त्यानेच काळे पडतात.

शाळेत पडून कायमचा दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता दाताच्या पांढऱ्या भागाला धरा, माती लागली असेल तर दुधाने हळूच धुवा, घासू नका. जमलं तर तिथेच खड्ड्यात बसवून रुमाल चावायला द्या, नाही जमलं तर थंड दुधात टाकून अर्ध्या तासात डेंटिस्ट गाठा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही. हा परिच्छेद मी लेकीच्या वर्गाच्या ग्रुपवर पण टाकला होता.

११. मिश्री, गुटखा, सुपारी

सासूबाई पंचेचाळीस वर्षं मिश्री लावतात. त्यांना ओरडून काही होत नाही, म्हणून मी वेगळं केलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खिडकीत उजेडाला बसवते, गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली, हिरडी, मोबाईलचा टॉर्च लावून बघते. पांढरा किंवा लाल चट्टा, पुसून न जाणारा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, मग ती दुखत नसली तरी, दाखवायचीच. सुरुवातीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखत नाही.

घरातल्या गुटखा-सुपारी खाणाऱ्याला आपली तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. जात नसतील, तिखट खाल्लं की तोंडाची आग होत असेल, तर गाल आतून ताठ व्हायला लागलाय. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर मिळतो हे आपण सगळे बघतो. डेंटल कॉलेजमध्ये यासाठी वेगळा विभाग असतो, तिथे पेपर काढताना "तोंड उघडत नाही" एवढं सांगितलं की बरोबर पाठवतात. पुढची तपासणी लागली तर खारघरला टाटाचं कॅन्सर केंद्र ॲक्ट्रेक आहे, आपल्या दारातच.

मागच्या महिन्यात सासूबाईंच्या डाव्या गालात एक पांढरा पट्टा दिसला. दुसऱ्याच दिवशी नेरुळला नेलं, डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही, पण मिश्री चालू राहिली तर होऊ शकतो असं त्यांनी आईंना समोर बसवून, हातात हात घेऊन सांगितलं. डबी त्यांनी स्वतःच माझ्या हातात दिली. आज एकोणीस दिवस झाले. पुढची तारीख तीन महिन्यांनी आहे, फ्रीजवर चिकटवून ठेवलीय.